बिनचेंडूची प्रॅक्टिस

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत मी बेसबॉल खेळते म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे क्रिकेटच ना? सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की यात एक पिचर असते, ती चेंडू फेकते, आणि समोर फलंदाजाच्या मागे एक कॅचर उकिडवी बसून तो झेलते, आणि ती कॅचर मी आहे. पुढे कंटाळा आला आणि मी सरळ हो, क्रिकेटच, म्हणायला लागले. आईला तर अजूनही वाटतं की ज्या खेळात तासन् तास उकिडवं बसावं लागतं तो खेळ नसून शिक्षा असावी.

आमची टीम सगळ्यात खालची होती. आमच्या वर जिल्ह्याची, तिच्या वर विभागाची, मग राज्याचं शिबिर, आणि सगळ्यात वर देशाचं शिबिर. ते आमच्या ग्राउंडवरच्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. आमचे सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. ते म्हणायचे, "खालची टीम जिंकायसाठी नसते वं पोरीहो. वर माणसं पाठवायसाठी असते." आणि तसंच व्हायचं. ऐन सामन्यांच्या दिवसांत वरून बोलावणं यायचं, आमची सगळ्यात चांगली पोरगी निघून जायची, आणि उरलेल्या आम्ही सपाटून मार खायचो. आम्ही हरल्यावर सर खुशीत घरी जायचे. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. मला कॅरममध्येसुद्धा हरायला आवडत नाही.

आमच्याकडे मुली भरपूर आणि चेंडू थोडे. कातडी चेंडू मुरमाड जमिनीवर आठवडाभरात सोलून निघतो. म्हणून चेंडू सामन्यासाठी राखून ठेवायचे आणि रोजची सकाळची प्रॅक्टिस चेंडूशिवाय करायची, असा सरांचा नियम होता. सर बॅट हवेत फिरवायचे आणि "थर्डले" म्हणायचे. तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत पुढे यायची, वाकायची, जमिनीवरून काहीच नसलेलं उचलायची आणि पहिल्या बेसकडे भिरकावायची. तिथली मुलगी अंग ताणून ते झेलायची. सगळ्यांच्या नजरा त्या न दिसणाऱ्या चेंडूवर हव्यात आणि सगळ्यांना तो एकाच जागी दिसायला हवा, ही अट. कुणाची नजर जरा भलतीकडे गेली की सरांना लगेच कळायचं.

"चेंडू कुठं होता वं?"

"सर, सेकंडवर."

"तिथं नोता. पुन्हा."

हिवाळ्यात ग्राउंडवर धुकं उतरायचं आणि फिरायला येणारे लोक थांबून आमच्याकडे बघत राहायचे. त्यांच्याही माना हळूहळू चेंडूमागे वळायला लागायच्या. एक मफलरवाले काका एकदा खरोखर खाली वाकले. डोक्यावरून काही गेलं असं त्यांना वाटलं. नंतर ते ओशाळून हसले आणि भराभर निघून गेले. आम्ही खूप हसलो. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर वाकले ते. तिथूनच गेला."

यातली एक गोष्ट मात्र मला कधीच आवडली नाही. जी मुलगी वर गेली तिची जागा सर या प्रॅक्टिसमध्ये रिकामी ठेवायचे. ती परत येईपर्यंत किंवा तिथं दुसरी कुणी तयार होईपर्यंत तिथं कुणी उभं राहायचं नाही. पण चेंडू तिथं फेकायचा. आणि तो तिथून परतही यायचा. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या, रिकाम्या शॉर्टस्टॉपच्या जागेकडे फेकायचो, थोडं थांबायचो, आणि मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी पहिल्या बेसकडे वळायच्या. कुणी "आता" म्हणायचं नाही. वर गेलेली मुलगी जितका वेळ लावायची तेवढाच वेळ ती रिकामी जागा लावायची. हे घरी सांगितलं असतं तर आईने माझं ग्राउंडवर जाणं बंद केलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

आमची पिचर कामठीहून यायची. आम्ही तिला कामठीवालीच म्हणायचो. भल्या सकाळी ती शेअर ऑटोत कोंबून बसून यायची आणि उतरल्या उतरल्या बोलायला लागायची, तेही ओरडून, कारण तिच्या घरातच वडिलांचे यंत्रमाग होते आणि त्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. भांडायची पण तशीच. फेकण्याची तिची तऱ्हा अगदीच गावठी होती. डावा पाय बाजूने असा फिरायचा की आता पडते की काय वाटावं, आणि चेंडू शेवटच्या क्षणी आत वळून खाली यायचा. तिचा चेंडू झेलणारी मी एकटी होते. बाकीच्यांना तो समजायचा नाही.

चेंडू नसतानाही तिचा चेंडू मला लागायचा. ती हात फिरवायची, मी ग्लोज मिटायचे, आणि डाव्या तळव्याला चांगली चुणचुण व्हायची. सवयीने होत असेल असं मी स्वतःला समजावलं. एकदा तिला बोलले.

"लागंन नाही तं काय होईन?" ती म्हणाली. "मी फेकून राहिली ना."

कुणालाही वर पाठवायच्या आधी सरांची एक रीत होती. त्या मुलीकडून सगळ्यांसमोर बिनचेंडूचा एक चेंडू फेकून घ्यायचा, आणि झेलणारीला विचारायचं, "आला का?" ती "आला" म्हणाली की झालं. नजर फसते, तळवा फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. कामठीवालीला राज्याच्या शिबिरासाठी बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मला तसं विचारलं होतं. मी हात झटकत "आला" म्हणाले होते आणि सगळे हसले होते. शिबिराच्या साहेबांनी तेव्हाच सरांना सांगून ठेवलं होतं की ही पोरगी देशाच्या शिबिरापर्यंत गेली तर तिची कॅचरही सोबत न्यावी लागेल, हिचा चेंडू दुसऱ्या कुणाला जमणार नाही. म्हणजे माझं वर जाणं तिच्या हातावर होतं. मला वर जायचं होतं. किती, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. बाबा बुटीबोरीला शिफ्टमध्ये कामाला जायचे, आणि निघताना रोज विचारायचे, "काही आलं का गं वरून?"

कामठीवाली गेली आणि तिची जागा रिकामी राहिली. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीला गावोगावचे लोक आले, तेव्हा आमचं ग्राउंडही मुक्कामाला दिलं गेलं. आमच्या घरातसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. प्रॅक्टिस बंद. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उकिडवी बसून तिची वाट पाहायचे. एका मावशीने ते पाहिलं आणि आईला विचारलं, पोरीची तब्येत बरी आहे ना?

थंडी पडली तेव्हा कामठीवाली परत आली. देशाच्या शिबिरासाठी निवड करणारे साहेब काही दिवसांनी नागपूरला येऊन तिला इथंच पाहणार होते. तोवर हाताला विश्रांती, खरा चेंडू धरायचा नाही, फक्त हवेतली प्रॅक्टिस, असं तिला वरून सांगितलेलं होतं. सरांना यात वावगं काहीच वाटलं नाही. त्यांचीच तर ही पद्धत.

पहिल्या सकाळी धुकं इतकं होतं की माझ्या जागेवरून ती नुसती आकृती दिसत होती. तिने फेकलं आणि मी पाहत राहिले. डावा पाय आता बाजूने फिरत नव्हता. सगळं कसं सरळ, मोजून मापून, पुस्तकातल्या चित्रात असावं तसं. मुली वाह म्हणाल्या. फिरणारे लोक थांबले. मी ग्लोज मिटला.

आत काही नव्हतं.

थंडीने हात बधिर झाला असेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही हात चहाच्या ग्लासभोवती धरून शेकले आणि मग बसले. तिने फेकलं, सगळ्यांच्या माना तिच्या हातापासून माझ्या ग्लोजपर्यंत वळल्या, बॅट घेतलेल्या मुलीने जोरात फिरवली आणि चुकली म्हणून कपाळावर हात मारला. सरांची नजरही चेंडूमागे आली. ग्राउंडवरच्या प्रत्येकाला तो दिसत होता. मला एकटीला दिसत नव्हता. घरात पाहुणे आले म्हणून सगळ्यांनी दाराकडे धावावं, या या म्हणावं, पिशव्या हातातून घ्याव्यात, आणि आपल्याला दारात कुणीच दिसू नये, तसं मला झालं. त्या दिवसापासून मला ग्राउंडवर जायची भीती वाटायला लागली.

तीही बदलली होती. ती हळू बोलायची. सरांना थँक्यू म्हणायची. पूर्वी ती बोलताना थुंकी उडायची म्हणून आम्ही दोन हात लांब उभ्या राहायचो, आता तिचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागायचं. चेहऱ्यावर सतत एक छान हसू. प्रॅक्टिसनंतर आम्ही कोपऱ्यावर तर्री पोहे खायचो, तिथं ती चमचा डाव्या हाताने धरायची. ऑटोचा दांडाही डाव्याच हाताने. वर गेलेली मुलगी आणि परत पाठवलेली मुलगी एकच आहे का, असला वेडा विचार माझ्या मनात यायचा, आणि तिच्या बाजूला बसून पोहे खाताना तो काही केल्या जायचा नाही.

"काय झालं वं तुले?" मी एकदा विचारलंच.

"काही नाही. मस्त चालू हाये," ती म्हणाली आणि ते हसू हसली.

"हात दाखव."

"काहून? हात चांगला हाये." तिने हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

साहेब आले ती सकाळही धुक्याचीच होती. जाड जाकीट, हातात मोबाइल, चेहरा प्रसन्न. सरांनी सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. कामठीवालीने हवेत बरेच चेंडू फेकले, एकापेक्षा एक देखणे, आणि साहेब प्रत्येक वेळी मान डोलवत राहिले. तळव्याला मला काहीही लागलं नाही. शेवटी सर म्हणाले, "आता एक. शेवटचा."

तिने फेकला. सगळ्या माना वळल्या आणि माझ्या ग्लोजवर येऊन थांबल्या. मेट्रो लांबून गेली आणि तिचा आवाज विरला.

"आला का वं?" सरांनी विचारलं.

मला "आला" म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर आम्ही दोघी जाणार होतो. बाबांना संध्याकाळी सांगता आलं असतं. मी कामठीवालीकडे पाहिलं. ते हसू तिच्या तोंडावर नव्हतं. ती माझ्याकडे, लहान मूल डॉक्टरकडे पाहतं तशी पाहत होती.

"नाही आला," मी म्हणाले.

"पुन्हा."

तिने पुन्हा फेकला.

"नाही आला, सर."

मुलींमध्ये कुजबुज झाली. सरांनी आणखी एकदा "पुन्हा" म्हटलं. तिने हात वर नेला आणि तो अर्ध्यातच थांबला.

"सर, तिच्या हातात चेंडू नाही," मी म्हणाले.

साहेब मोठ्याने हसले. "अरे, चेंडू तर कोणाच्याच हातात नाही," ते म्हणाले. आमच्यातलं कुणी हसलं नाही. साहेबांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांचंही हसू ओसरलं. मोबाइल त्यांनी खिशात ठेवला.

सरांनी किटबॅग उघडून सामन्याचा नवा कोरा चेंडू काढला, चालत जाऊन तिच्या उजव्या हातात दिला आणि बाजूला झाले. तिने तो थोडा वेळ नुसता धरला. मग तीच सरळ, देखणी हालचाल केली. कोपरातून काही तरी निसटल्यासारखा तिचा चेहरा झाला आणि चेंडू तिच्या पायापासून जेमतेम पुढे पडला. मग तो घरंगळत घरंगळत, मध्ये एकदा खड्ड्यात थांबून, माझ्या बुटाला येऊन टेकला. मी तो उचलला नाही. मला त्याची किळस आली, खरं सांगते.

कामठीवाली तिथंच बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, तिच्या जुन्या आवाजात, यंत्रमागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशी. मी धावत गेले तेव्हा तिने डाव्या हाताने माझी गचांडी धरली.

"किती दिवस लावले वं तू सांगायले," ती म्हणाली.

शिबिरात तिची फेकण्याची तऱ्हा बदलायला लावली तेव्हाच कोपरात काही तरी तुटलं होतं. आरामाने बरं होईल, असं तिला कुणी तरी सांगितलं आणि तिने ते धरून ठेवलं. घरी मोहल्लाभर पेढे वाटले होते, त्यामुळे बोलायची सोय राहिली नव्हती. आणि परत आल्यावर पाहते तर आम्ही सगळ्या वाह वाह करत होतो. "तुम्हा सगळ्याइले दिसून राहिला होता," ती म्हणाली. "मग मलेही दिसाले लागला. मले वाटलं, असंन हातात."

तिच्या कोपराचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, असंच खेचत राहिली असती तर हात कायमचा गेला असता. आज ती बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे, त्याच हाताने आपल्या पोराला उचलून कडेवर घेते, फेकत मात्र काही नाही. देशाच्या शिबिराला दुसरीच जोडी गेली. मी गेले नाही, पुढेही कधी बोलावणं आलं नाही. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार. तेव्हा बाबांना सांगितलं तर त्यांनी जोडे काढता काढता फक्त "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायचं बंद केलं. ते जास्त लागलं.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर नेहमीप्रमाणे प्रॅक्टिस झाली. सरांनी पिचरची जागा रिकामी ठेवली. मला वाटलं होतं, या वेळी तरी ठेवणार नाहीत. मी रिकाम्या जागेसमोर उकिडवी बसले. धुकं होतंच. समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि सर बाजूला गप्प उभे होते.

मग मुलींच्या माना एकदम त्या रिकाम्या जागेकडे वळल्या. जरा थांबल्या. ते थांबणं मला ओळखीचं वाटलं. डावा पाय बाजूने फिरवायला तेवढाच वेळ लागतो, सरळ फेकायला इतका लागत नाही. माना माझ्याकडे आल्या आणि मी ग्लोज मिटला.

शेवटच्या क्षणी तो आत वळून खाली आला. तळव्यावर असा बसला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रिकाम्या जागेसाठी सरांनी कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते माझ्याजवळ आले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "आला का?" मी ग्लोज काढून हात पुढे केला. तळवा लालभडक झाला होता. सरांनी तो बराच वेळ पाहिला, आपल्या अंगठ्याने एकदा दाबला, आणि मग माझ्याकडे न पाहता मुलींना म्हणाले, "चला. पुढचा."

त्या दुपारी मला फोन आला. कामठीवालीला दवाखान्यातून घरी सोडलं होतं. मागे तिच्या वडिलांचे माग चालू होते, त्यामुळे ती ओरडून बोलत होती. कशी आहेस, दुखतं का, काहीही विचारायला तिने मला जागा दिली नाही.

"आला का वं?" ती म्हणाली.

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. ग्राउंडवरच्या कुणीच सांगितलेलं नव्हतं, मी नंतर एकेकीला विचारून पाहिलं.

"आला," मी म्हणाले.

"लागला?"

"लागला."



"मग ठीक हाये," ती म्हणाली. "तो चेंडू तिथंच राहू दे. इकडं नोको पाठवू." आणि तिने फोन ठेवला.